लेन नंबर एक

पोहायला शिकायचं तर पाणी लागतं.

दोस्तहो, हसू नका. वाक्य बालवाडीतलं वाटतंय. पण आमच्या घरात ते खरं व्हायला चार पिढ्या गेल्या.

खेड्यात पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत. चुलता नाहीतर थोरला भाऊ पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधतो, नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा, आणि देतो वरनं ढकलून. चार दिवस नाकातोंडात पाणी. पाचव्या दिवशी पोरगं हातपाय मारायला लागतं. आठव्या दिवशी स्वतःच काठावरनं उडी टाकतं. ही सगळ्या मुलखाची पोहण्याची शाळा. फी नाही, दाखला नाही, मास्तर नाही. फक्त एक विहीर पाहिजे. आणि त्या विहिरीत उतरण्याइतके तुम्ही माणूस पाहिजे.

माझी आज्जी विहिरीपासून दहा हात लांब उभी राहायची. घागर खाली ठेवून. 'पाणी वाढा वो माय' म्हणायची. कुणाला दया आली तर वरनं धार पडायची, नाहीतर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभंच. घटनेचं सतरावं कलम १९५० सालापासून लागू होतं. ते आमच्या गावच्या विहिरीपर्यंत चालत यायला फार वर्षं लागली. आज्याला पोहता येत नव्हतं. कसं येणार? ज्या पाण्याला बोट लावायची चोरी, त्यात भोपळा बांधून कोण ढकलणार?

बाप इचलकरंजीला आला, मागावर लागला. खडाखड खडाखड सगळा जन्म. कान गेले. पोहणं त्यालाही आलं नाही. आम्हा पोरांना एकच ताकीद, "पाण्याच्या नादाला लागायचं न्हाई. पाणी आपलं न्हवं." पंचगंगा इतकी जवळ, पण तिच्यात उतरावं असं पाणी तोवर राहिलं नव्हतं. काळं, फेसाळ, वर जलपर्णीचा हिरवा गालिचा. मलाही पोहता येत नाही.

मी सूतगिरणीत. रिंगफ्रेमवर. शाळा नववीत सुटली, पुढचं सगळं वाचनालयातल्या बाकड्यावर. गिरणीत एक गंमत आहे. हवा कोरडी पडली की धागा तुटतो. म्हणून यंत्र लावून हवेत ओल सोडतात. धाग्याला तहान लागू देत नाहीत. रातपाळीला त्या दमट हवेत कापसाचा भुगा भिजून अंगाला चिकटतो, आणि मी घरी येतो तर नळाला पाणी नाही. आमच्या गल्लीत चार चार दिवसांनी पाणी येतं. सुताची जात आमच्यापेक्षा बरी म्हणायची.

अशा घरातली दोन पोरं पोहण्याच्या स्पर्धेला गेली, त्याची ही हकीकत.

कारण बायको.

तिचं माहेर शिरोळ तालुक्यात. तिकडं कृष्णा आणि पंचगंगा एक होतात. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा ती माहेरी होती. थोरली दोन वर्षांची कडेवर, धाकटा पोटात. गाव उंचावर आणि आमची वस्ती सखलात, हे सांगायला नकोच. पाणी पहिल्यांदा कुणाच्या उंबऱ्याला येतं ते पाण्याला नाही, गावाला ठाऊक असतं. रात्री पाणी कमरेला लागलं. नाव येईपर्यंत ती पत्र्यावर बसून होती. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नावच उलटली. आठ ऑगस्टची गोष्ट. कितीतरी माणसं गेली. बायका, पोरं. ती बातमी ऐकली त्या दिवसापासून बायकोनं मनात गाठ मारली. मला काही बोलली नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात एकदम पावतीच पुढ्यात ठेवली. पोहण्याचं शिबिर. दोन पोरांचे बाराशे रुपये. शिलाईच्या पैशातनं साठवलेले.

मी म्हणालो, "एवढे पैसे?"

"पूर काय सांगून येतो व्हय?"

आई म्हणाली, पोरीच्या जातीनं असली तोकडी कापडं घालून पाण्यात शिरायचं? बायको भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आत्या, पुरात मी लुगड्यानंच बुडत हुते. पायात गुंडाळलं हुतं. पोरीला कापडानं मारायचं न्हाई मला."

आई गप झाली. तीही बाईच.

तर २०२५ च्या मे महिन्यात स्पर्धा आली. कुठल्या गावची, कुठल्या तलावावरची ते लिहीत नाही. थोरली आठ वर्षांची, ५० मीटर फ्रीस्टाइल. म्हणजे पंचवीस मीटरचा तलाव, जाऊन येऊन. धाकटा साडेपाच वर्षांचा, २५ मीटर, एकच फेरी. मी रातपाळी करून तसाच एसटीत बसलो. डोक्यात कापूस, डोळ्यांत वाळू. बायकोनं डबा घेतलेला, चपात्या आणि खर्डा. पोरांच्या पिशवीत चष्मे, रबरी टोप्या, एक टॉवेल दोघांत.

पोहण्याची स्पर्धा म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती बघितलेली नाही. ती म्हणजे वाट बघणं. सकाळी आठला हजेरी, जन्मदाखला दाखवा, नाव तपासा, बसा. तीन तास बसा. मग एक मिनिटाची शर्यत. मग परत बसा. आईबापांना कठड्याच्या पलीकडं उभं करतात. आत फक्त पोरं, शिक्षक आणि घड्याळवाले. प्रत्येक लेनच्या टोकाला एक माणूस घड्याळ घेऊन. क्लोरीनचा वास इतका की डोळे झोंबतात. गिरणीत ब्लीचिंगच्या बाजूनं गेलं की येतो तसलाच वास. मला तो ओळखीचा वाटला. बाकी तिथलं काहीच ओळखीचं नव्हतं.

सरांनी पोरांच्या दंडावर शाईच्या पेनानं लिहिलं. थोरलीच्या दंडावर, हीट एक, लेन एक. धाकट्याच्याही तसंच. लहान पोरं विसरतात म्हणून लिहायचं. मला क्षणभर कसंतरीच झालं. आमच्या माणसांच्या अंगावर खुणा घालायचा शौक जुना आहे. कमरेला झाडू, गळ्यात मडकं. मग वाटलं, नाही. ही खूण शेजारच्या गोऱ्यागोमट्या पोराच्या दंडावर पण आहे. संध्याकाळी साबणानं जाणार आहे.

पण लेन एकच का? दोघांनाही? कडेचीच का?

माझं डोकं लगेच तिकडं गेलं. गाव असलं की आम्ही कडेला. पंगत असली की कडेला. मी सरांना बोलावलं. सर बिचारे घाईत होते, तरी थांबून सांगितलं. ज्याची वेळ सगळ्यात चांगली त्याला मधल्या लेन देतात. मग त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या खालोखालचे, असं करत करत कडेपर्यंत. ज्यानं अजून कुठली स्पर्धाच केली नाही, त्याची वेळ कुठं लिहिलेलीच नाही, तो पहिल्या हीटमध्ये, कडेला. "वेळ लावली की आत सरकता येतं," सर म्हणाले आणि गेले.

मी तिथंच उभा राहिलो. वेळ लावली की आत सरकता येतं. च्यायला, हा कायदा गावाला असता तर! माझ्या आज्यानं धावून, ओझं वाहून, मढी ओढून, कितीदा वेळ लावली असेल. त्याला कुणी घड्याळ लावलं नाही. त्याची लेन आईच्या पोटातच ठरलेली होती. इथं निदान कडेचं कारण माझ्या पोरीच्या हातात आहे.

तीन तास होते. उभ्या उभ्या डोक्यात नको ते सगळं येत होतं. इचलकरंजीपासून जवळच माणगाव. तिथं १९२० च्या मार्चात, २१ आणि २२ तारखेला परिषद झाली आणि शाहू महाराजांनी सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळालाय, आंबेडकर. त्याच महाराजांच्या कोल्हापुरात गंगाराम कांबळे पागेत नोकरीला. वरच्या जातीच्या पाण्याच्या हौदाला हात लागला म्हणून त्यांना मारून फोडलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना चहाचं दुकान घालून दिलं आणि स्वतः तिथला चहा प्याले. हौदाला हात लागला म्हणून! आणि इथं माझी पोरगी त्याच जिल्ह्यातनं आलेली, सबंध अंगानं आत जाणार.

महाड तर सगळ्यांना पाठ आहे. २० मार्च १९२७. बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी प्याले. मागनं हजारो माणसं. मग गावानं १०८ घागरी काढून त्यात शेण-गोमूत्र मिसळून तळं शुद्ध केलं. शेणानं शुद्ध! पुढं कोर्टकचेऱ्या, १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल, तळं सगळ्यांचं. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं.

आणि हे आपल्याकडंच असं समजू नका. अमेरिकेत फ्लोरिडा प्रांतात सेंट ऑगस्टिन नावाचं गाव आहे. १८ जून १९६४ ला तिथल्या एका लॉजच्या पोहण्याच्या तलावात काळे आणि गोरे कार्यकर्ते मिळून उतरले. मालकानं पाण्यात ॲसिड ओतलं. त्याचे फोटो जगभर छापून आले. तिकडं ॲसिड, इकडं शेण. बाटली वेगळी, रोग तोच. पाण्यात माणूस उघडा असतो, ओला असतो, आणि एकाच्या अंगाला लागलेलं पाणी दुसऱ्याच्या अंगाला लागतं. म्हणून जात मानणाऱ्याला तळ्याची भीती फार. पुढं २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये सिमोन मॅन्युएल नावाच्या काळ्या अमेरिकन पोरीनं शंभर मीटरचं सोनं घेतलं. पोहण्यात स्वतःच्या एकटीच्या शर्यतीत सोनं घेणारी तिच्या समाजातली ती पहिली बाई. ॲसिड ओतल्यापासून बावन्न वर्षं. घड्याळं सगळीकडं अशीच चालतात.

माईकवर पोरांची नावं पुकारायला लागले. नाव, बापाचं नाव, आडनाव. माझं आडनाव कठड्यावरनं घुमलं. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ माझ्याकडं वळले. हातात थर्मास, गळ्यात कॅमेरा.

"तुमची मुलगी का?"

"व्हय."

"अच्छा. मग तुम्हाला फी माफ असेल ना?"

आडनावावरनं फीपर्यंत किती झटकन पोचला गडी! त्याला पण पदक द्यायला पाहिजे होतं.

मी म्हणालो, "न्हाई. पावती हाय खिशात. दाखवू?"

ते हसले. म्हणाले, तसं नव्हे हो, सहज विचारलं. आणि मोबाइलमध्ये बघायला लागले. मी काही भांडलो नाही. माझी पोरगी तेवढ्यात लेन एकच्या उंचवट्यावर चढत होती. तोंड फिरवून मला त्या माणसाला अर्धं मिनिटसुद्धा द्यायचं नव्हतं.

बारीक बारीक चार शिट्ट्या. मग एक लांब शिट्टी. सहा पोरी उंचवट्यावर. माईकमधनं इंग्रजीत हुकूम, आणि भोंगा.

पाच पोरी सूर मारून गेल्या. माझी पोटावर पडली. सट्टकन आवाज आला. बायकोनं माझा दंड धरला. पोरगी वर आली, टोपी वाकडी, आणि हात फेकायला लागली. सर म्हणतात मान खाली ठेव, ही मान वर. पुरातल्या माणसासारखी. पण हात थांबत नव्हते. पंचवीस मीटरला भिंतीला हात लावला, वळली, पायानं भिंत ढकलली. परत. एकटा मीच ओरडत होतो असं मला वाटलं, नंतर बायको म्हणाली तुमच्या तोंडातनं आवाजच येत नव्हता.

सहांत पाचवी. एक मिनिट नऊ सेकंद.

बाहेर आली. ओठ निळे, दात वाजतायत. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "पप्पा, आता माझी वेळ लिहिली न्हवं?"

"लिहिली की."

"मग पुढच्या टायमाला दोन नंबर लेन मिळल?"

आठ वर्षांची पोरगी. मी तीन तास उभा राहून जे शोधलं ते हिला आधीच कळलेलं. मी टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा पुसायला लागलो, माझं तोंड तिला दिसू नये म्हणून.

मग धाकटा. त्याला उंचवट्यावरनं नाही, पाण्यात उतरूनच सुरुवात. कठड्याला धरून बारकी बारकी डोकी, रंगीत टोप्या, जशा बॉबिनीच एका ओळीत. भोंगा झाला. सगळी सुटली. धाकटा पण सुटला. दहा मीटर बरा गेला. मग चष्म्यात पाणी गेलं असावं. थांबला. लेनच्या दोरीला लटकला. दोन्ही हातांनी. आणि माझ्याकडं बघितलं.

खाली पाय टेकत नव्हते त्याचे. मी चपला काढल्या. का काढल्या? मला कुठं पोहता येतंय? कठडा ओलांडून मी काय करणार होतो? एकाच्या जागी दोघं लटकलो असतो. जीवरक्षक बांबू घेऊन काठानं चालत आला, पण बांबू पुढं केला नाही. पोराकडं बघत राहिला. त्याला त्याचं काम कळत होतं.

मी काठावर उभा. आज्जी पण काठावरच उभी होती, जन्मभर. माझ्या मनात तेव्हा तेवढंच आलं. तिच्या पुढ्यात पाणी होतं आणि त्याच्यात जायची बंदी होती. माझ्या पुढ्यात पाणी आहे, आणि माझा पोरगा त्याच्यात आहे, आणि मी जाऊ शकत नाही. काठ तोच. पण पोरगा आत आहे. हे चांगलं झालं की वाईट झालं, ते त्या घटकेला मला ठरवता येईना. भीतीनं पोटात गोळा आला होता. बाबासाहेबांच्या मागनं तळ्यात उतरलेल्या माणसांच्या बायका काठावर उभ्या असतील तर त्यांच्या पोटात पण असाच गोळा आला असेल. हक्क मिळाला म्हणून पाणी उथळ होत नाही.

बायकोला ही तत्त्वज्ञानं सुचत नव्हती. तिनं पदर खोचला आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल असं ओरडली,

"आरं सोड ती दोरी! पाय मार! पाय मार की रं!"

थर्मासवाले गृहस्थ दचकले. आमची भाषा त्या तलावावर एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच वाजली असेल.

पोरानं दोरी सोडली. एक हात, मग दुसरा. डोकं खाली, डोकं वर. पाय मारतोय का पाणी बडवतोय कळेना. पण सरकत होता. बाकीची पोरं केव्हाच टॉवेलात गुंडाळली गेली होती. घड्याळवाला लेन एकच्या टोकाला वाकून थांबला होता. सगळी घड्याळं बंद, त्याचं एकट्याचं चालू. भिंतीला बोटं लागली तेव्हा त्यानं बटण दाबलं आणि कागदावर लिहिलं. एक मिनिट दोन सेकंद.

दोरी धरून पोराला मदत झाली म्हणून बाद करायचं का, यावर पंचांत थोडं बोलणं झालं. दोरी ओढून पुढं गेला नाही, नुसता धरून थांबला होता, असं बांबूवाल्यानं सांगितलं. वेळ ठेवली. मला त्या बांबूवाल्याचं नाव माहीत नाही. आडनावही नाही. मी विचारलं नाही.

एकाही पोराला पदक नाही. भाग घेतल्याचं एक एक प्रमाणपत्र. धाकट्यानं ते एसटीत चार वेळा वाचायला लावलं आणि वडापाव मागितला.

घरी आलो तर आईनं दोघांवरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोरगी म्हणाली, "आज्जे, मी पाण्यात डोळं उघडून बगितलं. खाली निळ्या फरश्या हायत." आई बघतच राहिली. पाण्याचा तळ बघितलेलं आमच्या घरातलं पहिलं माणूस. तिनं विचारलं, "आन् काय दिसलं?" पोरगी म्हणाली, "सगळ्यांचं पाय."

कवितेची वही काढली त्या रात्री, पाळीला जायच्या आधी. मोठमोठे शब्द आले. तळं, क्रांती, ओंजळ. सगळे खोडले. पोरीनं सांगितलं तेवढंच राहिलं. पाण्याच्या आतनं बघितलं तर सगळ्यांचे पाय सारखेच हलतात, असं मी इथं लिहिलं तर खोटं होईल. कुणाचे पाय तीन वर्षांच्या शिकवणीनं हलतात, कुणाचे पुराच्या भीतीनं. कुणाच्या बापाचा बंगल्यात तलाव, कुणाच्या नळाला चार दिवसांनी पाणी. घड्याळ सारखं आहे, पण घड्याळापर्यंत पोचायचा रस्ता सारखा नाही. मित्रांनो, एवढ्यावर खूश होऊन झोपू नका. तलावाच्या दारात जात विचारत नाहीत, पावती विचारतात. आणि पावती कुणाच्या खिशात असते ते तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक वस्तीतल्या पोराला पोहता आलं पाहिजे, फुकट आलं पाहिजे. पूर पहिल्यांदा त्याच्याच दारात येतो.

पहाटे पाळीवरनं आलो तेव्हा बायको जागी होती. पत्र्याच्या डब्यातनं पैसे काढून मोजत होती.

"कशाचे?"

"बायकांची बॅच सकाळी अकराला असती. सरांनी सांगितलंय." आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पुरुषांची सातला. तुमची रातपाळी सुटल्यावर जमंल."

मी म्हणालो, मला या वयात कोण शिकवणार?

"थोरली शिकवंल की," ती म्हणाली, आणि नोटांचे दोन भाग केले.